गाणारे अंतराळयान आणि मराठी रसिकाचा निवाडा

क्वीन्सटाउन हे सिंगापूरचे पहिले नियोजित उपनगर. राणी एलिझाबेथ हिच्या १९५३ सालच्या राज्याभिषेकाचे स्मरण म्हणून त्यास हे नाव मिळाले. याच इलाख्याच्या हद्दीत वन-नॉर्थ नावाची जी संशोधननगरी पुढे वसली, तिच्यातील इमारतींस गॅलॅक्सिस, सोलारिस अशी अंतराळाची आठवण देणारी नावे आहेत, आणि ‘स्टार वॉर्स’मधील वाळवंटी वाहनाच्या घडणीवर बेतलेली सँडक्रॉलर ही वास्तू २०१४ पासून लुकासफिल्म या चित्रसंस्थेचे येथील ठाणे होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या संस्थेने सिंगापुरातील आपला कारभार बंद करण्याचे जाहीर केले. आणि त्याच महिन्याच्या ३ तारखेस ‘स्टार ट्रेक: स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या अंतराळकथांच्याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील नववा भाग प्रसारित झाला, ज्याने जगभरच्या चाहत्यांत दोन तट पाडले.

या भागाचे नाव ‘सबस्पेस ऱ्हॅप्सडी’, आणि १९६६ सालापासून चालत आलेल्या ‘स्टार ट्रेक’च्या परंपरेतील हा पहिला संपूर्ण संगीत भाग. कथा अशी की, एंटरप्राइज या यानास अवकाशात एक नैसर्गिक दुमड सापडते. तिच्यातून संदेश जलद धाडता येईल या आशेने विज्ञान-अधिकारी स्पॉक आणि दळणवळण-अधिकारी उहुरा खटपट करीत असता, मुख्य अभियंती पेलिया संगीत पाठवून पाहण्याचे सुचविते. उहुरा कोल पोर्टर याचे १९३४ सालचे एक गाणे पाठविते. आणि त्या क्षणापासून यानावरील प्रत्येकजण, मनात नसतानाही, गाऊ लागतो. हा प्रादुर्भाव दळणवळणाच्या मार्गांनी इतर जहाजांवर आणि शत्रुपक्षीय क्लिंगॉनांपर्यंत पोचतो. भावना शब्दांत मावेनाशी झाली म्हणजे माणूस गाण्यात शिरतो, हा नियम अखेर उहुरा शोधून काढते, आणि सर्व दलाने एकत्र गाऊन ती दुमड मोडावी, असा उपाय ठरतो.

फिर्याद पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे, की हा गंभीर परंपरेचा उपमर्द आहे. की दहा भागांच्या लहानशा पर्वातील एक भाग अशा हौसेवर खर्ची घालणे उधळपट्टी आहे. आणि शेवटी क्लिंगॉन योद्ध्यांनी तरुण नाचऱ्या गायकांच्या टोळीसारखे हातवारे करावेत, हे त्यांच्या दराऱ्यास मारक आहे. बचाव पक्ष दाखवितो, की या परंपरेत संगीत परके कधीच नव्हते. १९६६ च्या एका भागात स्पॉक वीणेसारखे वाद्य छेडतो आणि निशेल निकल्स यांची उहुरा गाते. १९९२ च्या ‘द इनर लाइट’ या भागात, नंतरच्या मालिकेतील कप्तान पिकार्डच्या हाती आलेली बासरी त्याच्या एका संपूर्ण आयुष्याची स्मृती होऊन बसते. विज्ञानकथेच्या मानाच्या ह्यूगो पुरस्कारासाठी २०२४ साली ‘सबस्पेस ऱ्हॅप्सडी’ची अंतिम यादीत निवड झाली, हाही दाखला ते पुढे करतात.

आमच्या घरी हा वाद चहाच्या वेळी निघाला. भाचा वन-नॉर्थमध्ये नोकरीस, तो म्हणाला, “मामी, विज्ञानकथेत प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. यान प्रकाशाहून वेगानं कसं जातं, याचाही काही खुलासा ते करतात. मग कप्तान एकाएकी गाऊ लागतो, हे आम्ही का मानायचं?” त्यावर मामी म्हणाली, “अरे, कारण दिलंय की त्यांनी! आणि ‘शाकुंतला’तला दुष्यंत गातो, तेव्हा कुठं विचारतोस कारण?” या दोघांच्या बोलण्यात, माझ्या मते, साऱ्या वादाचे मर्म आहे, कारण दोन निरनिराळ्या कलांचे दोन निरनिराळे कायदे येथे समोरासमोर येतात. विज्ञानकथा कारणाचा अंमल मानते. संगीत नाटक संकेताचा. पहिलीत घडणाऱ्या गोष्टीची सबब द्यावी लागते; दुसऱ्यात प्रेक्षक आणि रंगभूमी यांच्यात आधीच तह झालेला असतो, की मनुष्य येथे गाईल आणि कोणी त्याची जबानी घेणार नाही.

मराठी माणसाने हा तह १८८० सालीच केला आहे. त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरास पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला, आणि पात्रे स्वतःच आपली पदे गातात, ही गोष्ट महाराष्ट्राने एका रात्रीत आपलीशी केली. पुढे ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ आणि बालगंधर्व यांच्या काळी तिला जे वैभव आले, त्याची किंमतही पुढे रंगभूमीनेच मोजली. पद रंगले की ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे, गायक नट पुन्हा आलापीस बसे, नाटक पहाटेपर्यंत लांबे, आणि कथेतील नायिका वियोगात तशीच तिष्ठत राही. या अतिरेकाचा जमाखर्च मांडूनच १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि गाण्यांची संख्या व स्थान यांस बंदोबस्त घातला. तेथे गाणे नाहीसे झाले नाही, ज्योत्स्नाबाई भोळे त्यात गायल्याच. परंतु गाण्याने प्रसंगाची रजा घेतल्यावाचून प्रवेश करू नये, हा दंडक पडला.

याच दंडकाने ‘सबस्पेस ऱ्हॅप्सडी’ तपासावी, असे मी सुचवितो. त्यासाठी गाणे संपल्यावर पात्र गाण्यापूर्वीच्या जागी परत जाऊ शकते काय, एवढाच प्रश्न विचारावा; जाऊ शकत नसेल, तर ते गाणे प्रसंगाचेच. एक प्रसंग जवळून पाहा. एंटरप्राइजचा कप्तान पाइक आणि त्याची प्रेयसी बटेल, तीही एका जहाजाची कप्तान, यांचे पडद्यावरून खाजगी बोलणे चालू आहे. सुट्टी कोठे घालवावी एवढाच विषय. आणि त्या दुमडीच्या प्रभावाने पाइकाच्या तोंडून, साऱ्या दलाच्या देखत, मनातली टाळाटाळ गाण्यात बाहेर पडते. तो थांबू पाहतो आणि थांबू शकत नाही. बाजूस उभी असलेली सुरक्षा-अधिकारी ला’आन हे पाहते, संभाषण तोडविते, आणि आपल्याही मनातले गुपित असेच फुटेल या भयाने गोठते. येथे गाणे सजावट उरत नाही. ते दफ्तरात कुलूपबंद ठेवलेला कागद चव्हाट्यावर आणणारी सत्ता होते, आणि ज्या यानावर प्रत्येकाची शिस्त संयमावर उभी आहे तेथे याहून मोठे संकट कल्पिता येत नाही. स्पॉकाचे गाणेही याच कसोटीस उतरते: त्याची प्रेयसी, यानावरील परिचारिका चॅपल, आपल्या नव्या अभ्यासवृत्तीचा आनंद भर मधुशाळेत, त्याच्या देखत गाते, त्याचे तिच्या आयुष्यातील स्थान संपल्याचे त्याला त्या उत्साहातूनच कळते, आणि त्यानंतर भावनेकडे पाठ फिरविण्याचा त्याचा निश्चय आपण गाण्यातच ऐकतो.

क्लिंगॉनांविषयीची तक्रार मात्र मला निम्मी ग्राह्य वाटते. गाण्याची नामुष्की सहन न होऊन ते त्या दुमडीवर तोफा डागण्यास निघतात, इतके कारण कथेत चोख बसविले आहे. पण त्यांचा नाच कोणासही बदलत नाही, तो हशा वसूल करून निघून जातो. १९३३ च्या मंडळींनी तो कापला असता, आणि योग्यच केले असते. उलट उहुराचे एकटीचे गाणे, ज्यात अपघाती मृत्यूने कुटुंब हिरावले गेल्यावर इतरांस परस्परांशी जोडणे हेच आपले कार्य आहे असे ती जाणते, त्यांनी निःसंशय राखले असते. कारण याच जाणिवेतून ती पुढे साऱ्या यानाला गायला लावते. ती भूमिका करणाऱ्या सीलिया रोझ गुडिंग ब्रॉडवेच्या रंगभूमीवर तयार झालेल्या आहेत, आणि ते प्रत्येक स्वरात ऐकू येते.

तेव्हा माझा निवाडा असा: विज्ञानकथेत गाणे येऊ शकते काय, हा प्रश्न वाद घालण्याजोगा नाही, कोणते गाणे आपले काम करते आणि कोणते केवळ रंजन करून जाते, हाच खरा मुद्दा आहे, आणि तो सोडविण्यास लागणारी श्रवणशक्ती मराठी रसिकाजवळ एकशेचाळीसहून अधिक वर्षांची कमाई म्हणून जमा आहे. क्वीन्सटाउन, टॅम्पनीस वा पुणे, कोठेही राहणाऱ्या वाचकास माझी विनंती एवढीच, की घरातल्या तरुण मुलांबरोबर हा भाग एकदा बसून पाहावा, त्यानंतर त्याच आठवड्यात ‘सौभद्र’ किंवा ‘कट्यार काळजात घुसली’ त्यांस दाखवावे, आणि प्रत्येक गाण्यास तोच एक प्रश्न विचारून मग आपले मत ठरवावे.