संपाला लाल बावटा, मताला मात्र दुसराच!

लालबाग-परळच्या चाळीत आपल्या आजोबांनी संपात लाल बावटा खांद्यावर घेतला. मग मतदानाच्या दिवशी त्यातल्या अनेकांचा हात दुसऱ्या निशाणीकडे का गेला? कामगारांचा पक्ष कामगारांचीच मते का गमावतो? उत्तर गिरणीच्या आतच सापडते.

विणकाम खात्यात पगार जास्त होता; पण अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्ण कामगाराला विटाळ होई! १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवा, अशी मागणी लावून धरली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुषीनेच मान्य केली. पगाराचा प्रश्न पहिला, जातीचा नंतर, असा त्यांचा हिशेब. पण ज्याला शेजारी उभे राहू दिले जात नाही, तो ‘आपण सारे एक’ या घोषणेवर विश्वास कसा ठेवील?

बाबासाहेबांचे कामगारांच्या लढ्याशी वैर नव्हते. कामगारविरोधी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ चा संप स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळूनच केला. पुढे १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेब पराभूत झाले. कम्युनिस्टांनी मते कुजवण्याचा प्रचार केला, हा त्यांचा आरोप होता. ती जखम वस्त्यांनी विसरली नाही.

१९५७ साली चित्र पालटले. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही होते आणि मुंबईतून कॉ. डांगे लोकसभेवर निवडून गेले. भाकरीला अस्मितेची जोड मिळाली, म्हणून मते मिळाली. तीच अस्मिता पुढे शिवसेनेने उचलली. युनियन गिरणीच्या दारात होती, शाखा मात्र चाळीच्या तोंडाशी आली. नळाला पाणी नसो की पोराला नोकरी नसो, माणूस शाखेत जाऊ लागला. १९७० साली आमदार कॉ. कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि परळची ती जागा पोटनिवडणुकीत सेनेने जिंकली. १९८२ च्या संपानंतर तर गिरण्याच उठत गेल्या.

मग लाल बावटा टिकला कुठे? डहाणूत! १९४५ पासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी तिथल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. हे शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्याच पक्षाचे आमदार होते. त्या डहाणूने २०१९ आणि २०२४ सालीही मार्क्सवादी पक्षाचाच आमदार निवडला.

बंधू-भगिनींनो, माणसाला पगारवाढ हवीच. पण त्याआधी त्याला माणूस म्हणून उभे राहायचे असते. हे ज्याला कळते, त्यालाच मत मिळते.