मणक्याच्या शस्त्रक्रियेतला यंत्राचा हात

पावसाने जोर धरला की गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू होते. बायाबापड्या दिवसभर बांधीतल्या चिखलात कमरेतून वाकून पऱ्हे लावतात. कंबर धरणे इथे इतके नेहमीचे आहे, की ते कोणी दुखणे मानतच नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावकऱ्यांच्या पाठ-कंबरदुखीकडे गांभीर्याने पाहिले. डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनचे शल्यविशारद मुंबईहून तिथे जाऊन मणक्याचे रुग्ण तपासू लागले, शस्त्रक्रिया करू लागले. आता शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत या कामाला रोबोट आला आहे. पूर्व विदर्भातल्या रुग्णालाही कधी ना कधी ‘रोबोटने करायचे का?’ असे विचारले जाईल. म्हणून या यंत्राची ओळख हवी.

मणके घसरले, वाकले किंवा मोडले, तर ते स्क्रू आणि सळ्यांनी जोडावे लागतात. स्क्रू जातो तो पेडिकल नावाच्या हाडाच्या अरुंद भागातून. छातीमागच्या काही मणक्यांत त्याची रुंदी जेमतेम चार-पाच मिलिमीटर असते. आतल्या अंगाला मज्जारज्जू, खालच्या अंगाला मणक्यातून बाहेर पडणारी नस. स्क्रू थोडा जरी भरकटला तरी पायातले बळ जाऊ शकते.

ही वाट अचूक सापडावी म्हणून इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेचे प्राध्यापक मोशे शोहम यांच्या संशोधनातून 2001 मध्ये माझोर कंपनी उभी राहिली. तिच्या ‘स्पाइनअसिस्ट’ या रोबोटला 2004 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. 2018 मध्ये मेडट्रॉनिकने माझोर विकत घेतली. आज इतर कंपन्यांचीही अशी यंत्रे आहेत.

रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करतो, हा मोठा गैरसमज आहे. आधी सीटी स्कॅनवर सर्जन प्रत्येक स्क्रूची जाडी, लांबी आणि कोन ठरवतो. टेबलावर रुग्णाच्या हाडाला खूणपट्टी बसवून, एक्स-रे काढून, स्कॅन आणि प्रत्यक्ष शरीर यांचा मेळ घातला जातो. मग यंत्राचा हात ठरलेल्या कोनात नळी धरून स्थिर राहतो. त्या नळीतून भोक पाडतो आणि स्क्रू बसवतो तो सर्जनच.

फायदे खरे आहेत. आखणी आधीच झालेली असते. लहान छेदांतून काम करणे सोपे जाते. वाकलेल्या किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या पाठीत दिशा चुकण्याची शक्यता कमी होते. वारंवार एक्स-रे घ्यावा लागत नसल्याने सर्जन आणि परिचारिकांना किरणोत्सर्ग कमी होतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीजिंगच्या अभ्यासात रोबोटच्या मदतीने 95 टक्क्यांहून अधिक स्क्रू अगदी नेमके बसले. नेहमीच्या पद्धतीने सुमारे 86 टक्के.

पण 2012 मध्ये जर्मनीतल्या चाचणीत उलटे घडले होते. तिथे हाताने 93 टक्के स्क्रू चांगले बसले, सुरुवातीच्या पिढीतल्या रोबोटने 85 टक्के. हाडाच्या उतारावर नळी घसरणे हे त्यामागचे एक कारण होते. यंत्रे पुढे सुधारली, तरी उताराचे हाड तेच आहे. खूणपट्टीला धक्का लागला, तर यंत्र चुकीची जागाही तितक्याच ठामपणे दाखवते. म्हणून हाताने स्क्रू बसवता येणारा अनुभवी सर्जनच यंत्रासह सुरक्षित असतो. शिवाय स्क्रू नेमका बसला म्हणून पुढच्या काही वर्षांत दुखणे अधिक कमी होते, हे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही.

बहुतेक कंबरदुखी थोडी विश्रांती, औषधे आणि व्यायामाने बरी होते. नुसती दोन मणक्यांमधली सरकलेली गादी काढायची असेल तर स्क्रू लागत नाहीत, मग रोबोटही लागत नाही. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी तिथे करून घ्यावी.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर सर्जनला नि:संकोच विचारा: ती कशासाठी? स्क्रू लागणार आहेत का? यंत्रावर आणि यंत्राविना तुमचा अनुभव किती? जादा खर्च किती, आणि तो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या त्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या. रोबोटसाठी शेत गहाण टाकू नका; चांगल्या हातांची साधी शस्त्रक्रियाही उत्तम असते. मात्र पायातले बळ झपाट्याने जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर रोबोटची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.