पाण्याकाठचं घर

जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण १९६८ सालचं. श्रावणात भरलेला जलाशय बघून आमचे हे भुलले, "इथंच घर घेऊ!" मी म्हटलं, "आधी मे महिन्यात बघू." गेलो, तर पाणी पार आत सरकलेलं, काठाला भेगाळलेला गाळ. सरकणारच! पूर्णेचं हे पाणी वीज करून खाली सिद्धेश्वर धरणात जातं, तिथून कालव्यानं शेतांना. शेजारच्या काकूंना नळाचं विचारलं, तर नुसत्या हसल्या. संध्याकाळी डास. सासूबाईंना रात्री दम लागला तर जिंतूर गाठायचं कसं? अन् धाकट्याला पाणी दिसलं की घर आठवत नाही! वारा मात्र गार होता हो, मैत्रिणींनो. शेवटी वर्षभर भाड्यानं राहून बघायचं ठरलंय, पण धाकटा पोहायला शिकल्यावरच सामान हलेल.