सिकलसेल : जिवंत पेशीत प्रथिनाचा पाठलाग

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे छत्तीसगडच्या सीमेलगतचे गाव. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल हा गंभीर आनुवंशिक आजार आढळतो. त्याचे मूळ हिमोग्लोबिन या प्रथिनात आहे.

● बिघाड : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. या आजारात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते.

● शोध : हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषाचा आहे, हे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले.

● स्वयंचलित सूक्ष्मदर्शक : 384 खळग्यांच्या प्लेटमध्ये रुग्णाच्या जिवंत तांबड्या पेशी आणि वेगवेगळी औषधी संयुगे ठेवतात. ऑक्सिजन हळूहळू कमी करतात. यंत्र प्रत्येक खळग्याची ठरावीक अंतराने छायाचित्रे घेते. किती पेशी केव्हा वाकड्या झाल्या, हे संगणक मोजतो. पेशी उशिरा वाकल्या, तर ते संयुग पुढील अभ्यासासाठी निवडता येते.

● चमकती खूण : इतर पेशींत प्रथिनाला हिरवे चमकणारे प्रथिन जोडून त्याचा माग काढतात. या चमकणाऱ्या प्रथिनाच्या संशोधनाला 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसल्याने अशी खूण तयार करता येत नाही, म्हणून तिथे आकारावरच लक्ष ठेवावे लागते.

● हे करा : आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका 25 टक्के असतो. म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी जरूर करून घ्या.