वास्तू गेली, शिष्य उरले
संगीतशिक्षणासाठी दिलेले दान नेमके कोठे रुजते?

सन १९३०. मिठाच्या सत्याग्रहात अटक झालेले महात्मा गांधी येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात होते. या बंदिवासात त्यांनी एक शांत काम हाती घेतले. आश्रमातील प्रार्थनेच्या वेळी गायिल्या जाणाऱ्या भजनांचे ते मीराबेन यांच्यासाठी इंग्रजीत भाषांतर करू लागले. त्या भाषांतरांवर आधारलेले पुस्तक पुढे १९३४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. येरवड्याचा तुरुंग राजकीय इतिहासात पुणे करारामुळे अजरामर झाला. मात्र संगीताच्या इतिहासातही त्याची ही एक छोटीशी नोंद आहे.

ज्या 'आश्रम भजनावली'चे हे भाषांतर होते, तिची जुळणी करण्यात पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मोठा वाटा होता. खरे हे साबरमती आश्रमाचे संगीतशिक्षक. गांधीजींना आश्रमासाठी गवई हवा होता, तेव्हा पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आपला हा शिष्य त्यांच्याकडे पाठविला. परंतु खरे यांच्यासारखे शिष्य तयार करण्यासाठी लागलेला पैसा कोणाचा होता? संगीतशिक्षणाला आज मदत करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा विचारावा असा आहे.

दरबारातून लोकांच्या दारात

कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेल्या पलुस्करांचे स्वतःचे शिक्षण मिरज संस्थानच्या आश्रयाने झाले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. राजाश्रय असेल तरच गाणे जगते, असा तो काळ होता. पलुस्करांनी हा नियम मोडला. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि ते प्रामुख्याने जलशांचे उत्पन्न व लोकांच्या देणग्या यांवर चालविले.

या विद्यालयाचा खरा कणा होता तो 'उपदेशक वर्ग'. फी भरून शिकणाऱ्या हौशी विद्यार्थ्यांहून हा वर्ग वेगळा होता. निवडक मुलांच्या राहण्याची, जेवणाची आणि शिक्षणाची व्यवस्था विद्यालय करी. त्या बदल्यात मुलाने अनेक वर्षे निष्ठेने शिकायचे आणि पुढे संगीताचा प्रसार करायचा, अशी बांधिलकी असे. आजच्या भाषेत सांगायचे तर ही पूर्ण शिष्यवृत्तीच होती, आणि ती एका वर्षापुरती नव्हती.

पुढे १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले. तेथे कर्ज काढून मोठी वास्तू उभारण्यात आली. कर्ज फिटले नाही आणि १९२४ च्या सुमारास त्या वास्तूचा लिलाव झाला. १९३१ मध्ये पलुस्करांचे निधन झाले. वरवर पाहता हे एका दानशूर प्रयोगाचे अपयशच वाटेल.

पण शिष्य उरले होते. विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत संगीतविद्यालय काढले; कुमार गंधर्व यांच्यासारखा कलावंत त्यांच्याकडेच घडला. पंडित ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताच्या शिक्षणाची घडी बसविली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक' ते 'अलंकार' या परीक्षांना आजही गावोगावचे विद्यार्थी बसतात. दगडविटांत घातलेला पैसा बुडाला. विद्यार्थ्यांच्या ताटात वाढलेल्या अन्नाचे मात्र शतकानंतरही पीक येत आहे.

चौदा ते अठराची पोकळी

पुण्याला संगीतसंस्थांची वाण नाही. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज असो, वा १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरविणारे आर्य संगीत प्रसारक मंडळ असो, शहराच्या मध्यवस्तीत गाणे मुरलेले आहे. नदीपलीकडच्या येरवड्याचे चित्र वेगळे आहे. येथे एकीकडे माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत आणि दुसरीकडे दाट वस्त्या. या वस्त्यांतही गाणे आहे. भजनी मंडळ आहे, जयंतीला रंगणारा भीमगीतांचा कार्यक्रम आहे, बँड आणि ढोल-ताशाचे पथक आहे. नाही ती शिकण्याची सलग सोय.

सरकारी मदत अजिबात नाही, असे नव्हे. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती १० ते १४ वयोगटातील मुलांना मिळू शकते. वर्षाला ३,६०० रुपये आणि शिक्षकाच्या फीपोटी ९,००० रुपयांपर्यंतची रक्कम, अशी तिची तरतूद असून पारंपरिक कला जोपासणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. एकदा निवड झाली की प्रगती पाहून तिचे नूतनीकरण होते. त्यानंतरची योजना केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची. तीत १८ ते २५ वर्षांच्या तरुण कलावंतांना दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षांसाठी दिले जातात.

या दोन योजना शेजारीशेजारी ठेवल्या, की मधली फट दिसते. चौदाव्या वर्षापर्यंत ज्या मुलाकडे कोणाचे लक्ष गेले नाही, त्याला पुढच्या संधीसाठी अठरा वर्षांचा होईपर्यंत थांबावे लागते. सुखवस्तू घरात हा काळ शिकवणीच्या जोरावर निघून जातो. वस्तीतल्या घरात नेमका याच काळात आवाज फुटतो, दहावी येते आणि कमाईला हातभार लावण्याची वेळ येते. गळा किंवा हात तयार होण्याची हीच वर्षे असतात. गुणी मूल गाण्यापासून तुटते ते बहुधा येथेच.

गीतकाराचे काय?

गायक-वादकांसाठी निदान योजना तरी आहेत. नव्या गीतकाराला आणि संगीतकाराला मात्र त्यांत स्वतंत्र स्थान सापडत नाही. वस्तीतल्या गाण्याची परंपरा तर मुळात रचनाकारांची आहे. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांना प्रौढ वयात अक्षरओळख झाली आणि तरीही त्यांनी हजारो गीते रचली. अशा परंपरेतील तरुण आज गीत लिहितो, चाल बांधतो आणि बहुतेक वेळा एकरकमी मानधन घेऊन ते देऊन टाकतो.

२०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात झालेली दुरुस्ती येथे महत्त्वाची ठरते. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या व संगीताच्या पुढील वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनात गीतकार आणि संगीतकार यांना समान वाटा देण्यात आला असून, वारस किंवा हक्कसंस्था वगळता तो इतर कोणाच्याही नावे सोडून देता येत नाही. या रकमेची वसुली व वाटप करणारी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' १९६९ पासून अस्तित्वात आहे. मात्र वाटा पदरात पडण्यासाठी रचनाकाराने सभासद व्हावे लागते आणि आपल्या रचनांची नोंद करावी लागते. अर्ज भरून देणारा, करारपत्र वाचून दाखविणारा एखादा जाणकार ही गीतकाराच्या दृष्टीने शिष्यवृत्तीइतकीच मोलाची मदत आहे.

पैसा आहे, दिशा हवी

कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत कला-संस्कृतीचे जतन आणि पारंपरिक कलांचा विकास यांचाही समावेश आहे. राज्यातील सार्वजनिक न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि त्यांना हिशेब तपासून घ्यावे लागतात. त्यामुळे लहान देणगीदारालाही आपला पैसा कोठे गेला, याची विचारणा करता येते.

प्रश्न आहे तो पैसा कशावर खर्च व्हावा याचा. एका रात्रीच्या समारंभाची छायाचित्रे छापून येतात. चार वर्षांच्या रियाजाची येत नाहीत. म्हणून देणगीचा ओघ व्यासपीठाकडे वळतो. पलुस्करांचा ताळेबंद मात्र वेगळे सांगतो. थोडीच मुले निवडावीत, पण त्यांना चौदाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत सोडू नये. शिक्षकाला दरमहा नियमित वेतन मिळावे. पेटी, तबला, तानपुरा यांचा संच वस्तीतच, मुलांच्या हाताशी असावा. संध्याकाळी रियाजासाठी एक शांत खोली मिळावी. रिकाम्या झालेल्या शाळेचा वर्गही चालेल. आणि शिकून झालेल्या प्रत्येकाने पुढे दोघांना शिकवावे.

२६ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण सोडले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकूर यांनी तेथे स्वतः गीत गायिले होते. ते गीत रचणाराही तोच आणि गाणाराही तोच. त्याच तुरुंगाच्या आसपासच्या वस्त्यांत आज स्वतःची चाल गुणगुणणारी मुले आहेत. त्यांना सभागृह नंतर मिळाले तरी चालेल. आधी कोणीतरी त्यांच्या पुढच्या चार वर्षांचा भार उचलायला हवा.