मोकळं स्वयंपाकघर (लेखांक 7) : आधी पाय बघा

सुताराला मापं कशी द्यायची, ते या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढे ढकलतो, कारण नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न मापांच्या आधीचा आहे. ओट्याखाली सगळ्या ट्रॉल्या बंद असूनही त्यांच्याकडची झुरळं हटत नाहीत. "मग तुम्ही सांगता तशी सुटी कपाटं आणि टेबलं ठेवली, तर खाली-मागे नुसता सुळसुळाट होईल की हो!" पाककलेवर लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका एलिझाबेथ डेव्हिड बाईंचं स्वयंपाकघरातलं टेबल 1994 च्या लिलावात 1,100 पौंडांना गेलं हे मी कौतुकानं लिहिलं, पण त्या टेबलाखालचा केर कोण काढत होतं ते लिहिलं नाही, अशीही त्यांची तक्रार आहे.

ताई, सुळसुळाट होणार नाही. अट एकच, कपाटाला पाय हवेत आणि ते पुरेसे उंच हवेत.

आपल्या स्वयंपाकघरात दिसतं ते बहुतेकदा जर्मन झुरळ. लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर, रंग फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळे पट्टे. त्याला अंधार आवडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. अंधाराइतकीच त्याला फट लागते, हे कुणी लक्षात घेत नाही. पाठ वर टेकली आणि पोट खाली टेकलं की त्याला सुरक्षित वाटतं, म्हणून दिवसभर ते अशाच अरुंद सापटीत बसून राहतं. मादी अंड्यांचा कोश पिल्लं बाहेर पडायच्या सुमारापर्यंत स्वतःच्या अंगाला चिकटवून हिंडते आणि एका कोशात 30 ते 40 अंडी असतात. आता ओट्याखाली वाकून बघा. प्लायवुडचे सांधे, बिजागरांच्या खाचा, ट्रॉलीच्या रुळामागची जागा, सिंकचा पाइप जिथून आत शिरतो ते वेडंवाकडं भोक. शिवाय गळक्या नळाचं पाणी चोवीस तास हजर. दारं बंद केल्यानं झुरळाची काहीच अडचण होत नाही. अडचण होते ती आपली, कारण आत काय चाललंय ते दिसत नाही.

उंच पायांच्या कपाटाखाली मात्र उजेड जातो, वारा जातो आणि केरसुणी जाते. वीतभर उंचीची मोकळी जागा झुरळाच्या लेखी उघडं मैदान असते. रात्री ते तिथून पळत जाईल, पण बिऱ्हाड थाटणार नाही.

हे मी मनचं सांगत नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या ‘फूड कोड’मध्ये खानावळींच्या स्वयंपाकघरासाठी नेमका हाच नियम आहे. जमिनीवर ठेवलेलं अवजड, सहज न हलणारं साहित्य एकतर जमिनीशी पूर्ण सांधून टाका, तिथे फटच राहू देऊ नका. नाहीतर ते पायांवर किमान 15 सेंटीमीटर, म्हणजे सहा इंच, उचला. मधला मार्ग नाही. घरच्या ओट्याखाली आपण नेमका मधला मार्ग काढतो, ना धड सांधलेलं, ना धड उचललेलं. एखाद्या उडप्याच्या हॉटेलात भटारखान्यात डोकावायची संधी मिळाली तर बघा, बहुतेक ठिकाणी स्टीलची टेबलं पायांवर उभी असतात आणि रात्री खालून पाणी मारून फरशी धुतली जाते.

पायांचा विषय निघाल्यावर जाळीच्या कपाटावाचून पुढे जाववत नाही. फ्रिज यायच्या आधी दूध, दही, लोणी, सायीचं भांडं यात असायचं. चारही बाजूंनी बारीक जाळी, म्हणजे वारा आत आणि माशी, मांजर बाहेर. राहिल्या मुंग्या. त्यांच्यासाठी चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. या वाट्यांतही दोन जाती होत्या. साध्या वाटीत पाय थेट पाण्यात बुडायचा. चांगली वाटी दगडाची किंवा चिनी मातीची. तिच्या मधोमध उंचवटा, त्यावर पाय कोरडा उभा आणि भोवती खंदकासारखं पाणी. हा उंचवटा फार महत्त्वाचा. लाकडाच्या नळ्या उभ्या धावतात, त्यामुळे पायाचं कापलेलं टोक पाण्यात ठेवलं की ते पाणी वर ओढतं आणि दोन पावसाळ्यांत पाय खालून कुजायला लागतो.

आज असं कपाट ठेवायचं असेल, तर मोठ्या वाटीत छोटी वाटी उपडी घाला, वर पाय ठेवा, भोवती पाणी भरा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. नुसत्या पाण्यावर धुळीची साय धरते आणि मुंगी तिच्यावरून खुशाल पलीकडे जाते. साबणानं पाण्याचा ताण मोडला की ती बुडते. पाणी आठवड्यातून एकदा नक्की बदला, वाटी घासून. डासाचं अंडं ते उडणारा डास हा प्रवास आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत उरकतो. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. ते भिंतीला टेकलं, तर मुंग्या वाट्यांच्या नादी न लागता भिंतीवरून सरळ आत शिरतील.

वाट्या नको असतील तरी एक काम चुकवू नका. सुतार दर्शनी भागाला झकास पॉलिश करतो आणि पायांचे तळ कोरे सोडतो. कपाट जागेवर ठेवण्याआधी आडवं करा, तळांना तेलरंगाचे दोन हात द्या आणि वाळल्यावर रबरी बुचं बसवा. फरशी पुसताना रोज पाणी लागतं ते इथेच.

आता डुगडुगण्याबद्दल. तीन टेकू कुठल्याही खडबडीत जमिनीवर टेकतातच, म्हणून पाण्याच्या हंड्याखाली तिवई. चौथा पाय आला की कुरकुर सुरू. चौरस टेबल डुगडुगत असेल, तर पुठ्ठा शोधण्याआधी ते जागच्या जागी हळूहळू फिरवून बघा. पाय सारखे असतील आणि जमिनीला अचानक पायरी नसेल, तर पाव वळशाच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतात. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे! शहाबादी फरशीचा सांधा वर आला असेल, तिथे गणिताचा इलाज नाही, तिथे पुठ्ठाच.

ताईंना शेवटी एक सुचवतो. ट्रॉल्या आत्ताच काढून टाकू नका. तुमचं किचन कंपनीचं मॉड्युलर असेल, तर त्यालाही बहुधा पाय आहेत. दहा सेंटीमीटरचे, प्लास्टिकचे, पिळून उंची कमी-जास्त करता येणारे. जमिनीलगतच्या लांब पट्टीमागे ते दडलेले असतात आणि ती पट्टी नुसती क्लिपांवर अडकवलेली असते. या रविवारी ती ओढून काढा, मागचं झाडून-पुसून घ्या आणि महिनाभर पट्टी न लावता राहून बघा. फरक पडला की नाही, ते मला कळवा. मापं पुढच्या आठवड्यात. तोवर तुमच्या केरसुणीला आडवं शिरायला किती उंची लागते, तेवढं मोजून ठेवा.