सिनेमा बघा मिळून, मार्क द्या आपापले. मित्रांच्या कट्ट्यावरची 'रेटिंग' नेमकी करायची कशी?

तळेरे :
जत्रेतले दशावतारी नाटक पहाटे संपते. माणसे बॅटरी घेऊन घराकडे चालू लागतात आणि वाटेतच निकाल लागायला सुरुवात होते. राजाची तलवारबाजी बरी होती की नव्हती, नारदाने किती हसवले, हार्मोनियमवाला कुठे कमी पडला. डबलबारी भजनाचेही तेच. दोन बुवा समोरासमोर बसतात, गजर होतो, पण बारी कोणी मारली हे ठरते ते दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर. म्हणजे मिळून बघणे आणि मिळून मार्क देणे ही गोष्ट सिंधुदुर्गाला कोणी शिकवायची गरज नाही.

सिनेमाच्या बाबतीत मात्र ही सवय मोडत चालली आहे. सिनेमा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. एक जण पडवीत, दुसरा खाटेवर, तिसरा एसटीत, कानात हेडफोन घालून एकेकटा बघतो. अर्धा बघायचा, पुढे ढकलायचा, सोडून द्यायचा. कोणी विचारले तर उत्तर एकच, "बरो आसा" नाहीतर "काय एक दम नाय". आणि कुठला सिनेमा बघायचा हे ठरते मोबाईलवर दिसणाऱ्या ताऱ्यांवरून. ते तारे कोणी दिले, कशाचे दिले, हे कोणी विचारत नाही.

यावर सोपा उपाय आहे. चार-पाच मित्र, आठवड्यातून एक सिनेमा, एक वही आणि प्रामाणिक मार्क. गंमत म्हणून सुरू करायला हरकत नाही, पण त्यात थोडी शिस्त ठेवली तर फायदा मोठा आहे.

ही कल्पना जुनीच

मित्रांनी जमून सिनेमा बघायचा आणि त्यावर बोलायचे, याला शहरात 'फिल्म सोसायटी' म्हणतात. १९४७ साली कोलकात्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी अशी सोसायटी काढली. त्यावेळी राय जाहिरात कंपनीत चित्रे काढण्याचे काम करत होते. देशोदेशीचे सिनेमे मिळवायचे, बघायचे आणि वाद घालायचा. त्याच राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ साली आला आणि खेड्यातल्या एका गरीब घराची गोष्ट जगभर पोचली. १९५९ मध्ये देशातल्या अशा सोसायट्यांचा महासंघ तयार झाला, त्याचे पहिले अध्यक्ष रायच होते.

महाराष्ट्रात १९६८ साली मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' सुरू झाले. सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ते वाढवले. सिनेमा दाखवायचा, त्यावर चर्चा करायची, मराठीत लिहायचे, असे त्याचे काम. पुण्यात 'आशय' आहे. कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे.

कोल्हापूर तर तळेऱ्याला परके नाही. तळेऱ्याहून वैभववाडी, पुढे करूळ घाट चढून गगनबावडा आणि मग थेट कोल्हापूर. त्याच कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. पुढे ती पुण्याला गेली आणि तिथे 'संत तुकाराम' झाला. १९३६ चा हा सिनेमा १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

मोबाईलवरच्या आकड्याचा अर्थ काय?

आता आकड्यांकडे येऊ. मोबाईलवर एका सिनेमाला '७.८' दिसते, दुसऱ्याला '९० टक्के'. आपल्याला वाटते दुसरा जास्त चांगला. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या मापांचे आहेत. शेर आणि मीटर यांची तुलना केल्यासारखे ते होते.

आयएमडीबी या संकेतस्थळावर सामान्य प्रेक्षक १ ते १० मधला आकडा देतात. त्यावरून जो आकडा दाखवला जातो तो साध्या सरासरीचा नसतो, सगळ्या मतांना सारखे वजन दिले जात नाही. एकाच वेळी ठरवून पडलेल्या मतांनी आकडा फुगू नये किंवा पडू नये, यासाठी ही काळजी.

रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी वेगळीच गोष्ट सांगते. किती समीक्षकांना सिनेमा आवडला, एवढेच ती मोजते. शंभरपैकी नव्वद जणांना सिनेमा 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' एवढाच वाटला तरी तिथे ९० टक्के येतात. म्हणजे ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ मार्क नव्हेत. शाळेच्या निकालात तरी हे आपल्याला पक्के माहीत असते. शाळेचा निकाल १०० टक्के लागला म्हणून प्रत्येक पोराला शंभर मार्क पडलेले नसतात.

सरासरी फसवते ती अशी

समजा पाच मित्रांनी तीन सिनेमे बघितले आणि दहापैकी मार्क दिले.

पहिला सिनेमा : ६, ६, ७, ५, ६. बेरीज ३०, सरासरी ६.
दुसरा सिनेमा : ९, ९, ८, २, २. बेरीज ३०, सरासरी ६.
तिसरा सिनेमा : ७, ७, ८, ७, १. बेरीज ३०, सरासरी ६.

तिन्हींची सरासरी सारखीच. पण तिन्ही सिनेमे सारखे नाहीत. पहिला सगळ्यांना बेताचा वाटला. दुसऱ्याने गटात भांडण लावले, तिघांना फार आवडला, दोघांना अजिबात नाही. तिसरा चौघांना बरा वाटला, पण एकाने १ दिला. कदाचित त्याला मध्येच फोन आला असेल, नाहीतर त्याचा आवडता नट त्यात लवकर मेला असेल.

म्हणून सरासरीबरोबर 'मधला आकडा' काढावा. मार्क लहान ते मोठे असे ओळीने लिहायचे आणि बरोबर मधला उचलायचा. पहिल्या सिनेमाचा मधला आकडा ६, दुसऱ्याचा ८, तिसऱ्याचा ७. आता फरक दिसू लागतो. शिवाय सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त मार्क शेजारी लिहून ठेवावेत. दुसऱ्या सिनेमासमोर '२ ते ९' असे लिहिले की वाचणाऱ्याला कळते, इथे मतभेद आहेत, आपण स्वतः बघून ठरवावे. बऱ्याचदा गप्पा रंगतात त्या अशाच सिनेमावर.

बैलाच्या वजनाची गोष्ट

मार्क देताना एक नियम मोडायचा नाही. आधी लिहायचे, मग बोलायचे. प्रत्येकाने कागदावर आकडा लिहून कागद उलटा ठेवायचा आणि सगळ्यांचे झाल्यावरच उघडायचे.

याचे कारण १९०६ च्या एका जत्रेतून समजते. इंग्लंडात प्लिमथ इथे जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाच्या मांसाचे वजन ओळखण्याची स्पर्धा होती. लोकांनी तिकिटावर आपापला अंदाज लिहून दिला. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने नंतर ती ७८७ तिकिटे मिळवून तपासली. त्यात खाटीक होते, शेतकरी होते आणि काहीच न कळणारेही होते. सगळ्यांच्या अंदाजातला मधला आकडा निघाला १२०७ पौंड. खरे वजन होते ११९८ पौंड, म्हणजे साधारण ५४३ किलो. इतक्या लोकांचा मधला अंदाज फक्त ९ पौंडांनी चुकला.

हे जमले, कारण प्रत्येकाने आपला आकडा स्वतंत्र लिहिला होता. जाणत्या माणसाने आधी मोठ्याने वजन सांगितले असते, तर बाकीच्यांनी त्याच्याच आसपास आकडे लिहिले असते. गटातही हेच होते. जो मोठ्याने बोलतो, जो मुंबईहून आलेला असतो किंवा ज्याच्या घरी टीव्ही असतो, तो "बेक्कार पिच्चर" म्हणाला की बाकीचे माना डोलावतात. मग पाच मते उरत नाहीत, एकच मत पाच वेळा लिहिले जाते.

अर्थात बैलाला खरे वजन असते, सिनेमाला नसते. त्यामुळे कोणाचे मार्क 'चुकले' असे म्हणता येत नाही. फक्त ते त्याचे स्वतःचे असावेत.

कशाकशाला मार्क द्यावेत?

एकच आकडा देण्यापेक्षा चार खाने पाडले तर बोलायला मुद्दे मिळतात. गोष्ट, कामे म्हणजे अभिनय, चित्र-आवाज आणि चौथा खाना 'आपली ओळख'. सिनेमात दाखवलेले गाव, भाषा, काम खरे वाटते का?

हा चौथा खाना शहरातल्या समीक्षकापेक्षा गावातला माणूस जास्त चांगला भरू शकतो. पडद्यावरची मालवणी खरी की नुसती 'गजाली' शब्द पेरलेली, हे इथल्या आजीला पहिल्या वाक्यात कळते. लावणीचा सीन भर उन्हाळ्यात उरकला आहे का, जाळे ओढणाऱ्याचे हात सवयीचे आहेत का, हे ज्याने ते काम केले तोच सांगेल. २०२५ मध्ये सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' आला, त्यात दिलीप प्रभावळकरांनी म्हातारा दशावतारी कलाकार रंगवला. त्या कामाची पारख करायला रात्र रात्र दशावतार बघितलेल्या माणसांपेक्षा योग्य परीक्षक कोण?

प्रेक्षकाच्या शब्दाची किंमत इथल्या लोकांना माहीत आहे. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर नेली. पु. ल. देशपांडे यांनी नाटक बघून मनापासून दाद दिली, तिचा नाटकाला मोठा आधार झाला. 'श्वास'चेही उदाहरण घ्या. संदीप सावंत यांच्या २००४ च्या या सिनेमात कोकणातले आजोबा डोळ्याचा कॅन्सर झालेल्या नातवाला पुण्याला घेऊन जातात. सिनेमाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले, भारतातर्फे तो ऑस्करला गेला आणि त्यासाठी लोकांनी वर्गणीही दिली. मोठा नट नसलेला सिनेमा एकाने दुसऱ्याला सांगितल्यावरच चालतो. पहिल्या दोन-चार दिवसांत माणसे आली नाहीत की चित्रपटगृहातले खेळ कमी होतात. तुमचा एक खरा निरोप अशा सिनेमाला जगवू शकतो. खोटी स्तुती केली तर मात्र पुढच्या वेळी तुमच्या निरोपावर कोणी एसटीचे तिकीट काढणार नाही.

फुकटची लिंक नको

गट जमला की ग्रुपवर कोणीतरी नव्या सिनेमाची फुकट लिंक टाकतोच. इथे थांबा. २०२३ च्या सुधारित कायद्यानुसार चित्रपटगृहात सिनेमाचे चोरून चित्रीकरण करणे आणि अशी चोरटी प्रत पसरवणे हा गुन्हा आहे. त्याला किमान ३ महिने ते ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. दुसरा धोका खिशाला. 'हे ॲप टाका, सिनेमा बघा' असे सांगून आलेली फाईल मोबाईलमधले मेसेज आणि ओटीपी वाचू शकते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. घरी टीव्हीसमोर चार मित्र बसणे वेगळे आणि देवळासमोर पडदा लावून सगळ्या गावाला सिनेमा दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात सिनेमाच्या हक्कदाराची परवानगी लागते, तिकीट लावले नाही तरीही.

पोरे सोबत असतील तर

सुरुवातीला दिसणारे प्रमाणपत्र बघा. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ए' म्हणजे फक्त १८ वर्षांवरील. मधल्या 'यूए' मध्ये आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट आहेत. त्याहून लहान पोराने बघावा की नाही, हे आईवडिलांनी ठरवायचे. हे प्रमाणपत्र वयाचे असते, दर्जाचे नव्हे.

सुरुवात कशी करावी?

पाच ते सात माणसे पुरेत. सगळे एकाच वयाचे, एकाच नाक्यावरचे पुरुष असतील तर मार्कही एकसारखे पडतील. घरातल्या बायका, कॉलेजात जाणारी मुलगी, एखादे निवृत्त गुरुजी यांनाही वहीत जागा द्या. सिनेमा निवडायची पाळी फिरती ठेवा. बघताना मोबाईल बाजूला. संपल्यावर आधी मार्क लिहायचे, मग चहा, मग वाद. वहीत तारीख, सिनेमाचे नाव, प्रत्येकाचे मार्क, मधला आकडा आणि प्रत्येकाचे एक वाक्य एवढेच लिहा.

आणि नोव्हेंबरात जमले तर महामार्गाने सरळ गोवा गाठा. पणजीत दरवर्षी भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. आगाऊ नोंदणी करून सामान्य प्रेक्षकालाही तिथे जाता येते.

सहा महिन्यांनी वही उघडून बघा. कोणाला काय आवडते, कोणाचे मत कसे बदलत गेले, कोण कुठल्या सीनला रडला, सगळे त्यात सापडेल. सिनेमे विसरले जातील. पण कोणाबरोबर बसून बघितले, हे मात्र राहील.